वॉरहॅमर ४०,००० : नवख्याने पहिले सैन्य कोणते निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉरहॅमर ४०,००० हा छोट्या प्रतिकृतींच्या सैन्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ नव्याने सुरू करायचा आहे, आजवर हातून एकही मिनिएचर (सैनिकाची प्रतिकृती) रंगवले गेलेले नाही, सोबत खेळणाऱ्या मित्राकडे स्पेस मरीन्सचे सैन्य आहे, आणि मन कस्टोडीज, नेक्रॉन्स, टिरॅनिड्स व ड्रुकारी या चार सैन्यांमध्ये अडकले आहे. यांपैकी नवख्याला सोपे कोणते, आणि जो तो सुचवतो त्याप्रमाणे आपणही निमूटपणे स्पेस मरीन्सच घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नेक्रॉन्स असे आहे. मात्र त्यामागची कारणे आपल्या परिस्थितीला कितपत लागू पडतात हे आपल्यालाच तपासून पाहावे लागेल, म्हणून ती सविस्तर मांडतो. खालील सर्व आकडे २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीतील आहेत.

‘सोपे सैन्य’ म्हणताना बहुतेकांच्या मनात टेबलावरचा सोपेपणा असतो, म्हणजे नियम कमी आणि चुका पोटात घालणारे सैनिक. तो महत्त्वाचा आहेच; परंतु त्याआधी जोडणी आणि रंगकाम यांचा डोंगर पार करावा लागतो. नवशिक्यांना मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे, आणि हा खेळ सोडून गेलेल्यांमध्ये सतत हरण्याला कंटाळलेले लोक मला फार थोडे आढळले. बहुतेक जण अर्धवट जोडलेल्या राखाडी प्लॅस्टिकच्या ढिगासमोर हात टेकून थांबले. म्हणून पहिल्या सैन्याची माझी पहिली कसोटी अशी असते, की आपल्या हाताला आज असलेले कसब आणि आठवड्याला मिळणारा वेळ यांत त्याचे हजार पॉइंट (प्रत्येक पथकाची ठरवून दिलेली किंमत; सैन्याचा आकार याच मापाने मोजतात) रंगवून पूर्ण होतील का. ही केवळ हौसेची बाब नाही. दहाव्या आवृत्तीच्या स्पर्धात्मक सामन्यांत जास्तीत जास्त शंभर गुण मिळू शकतात, आणि त्यांतले दहा गुण संपूर्ण सैन्य किमान दर्जाचे रंगवलेले असल्याबद्दल मिळतात. म्हणजे न रंगवलेले सैन्य घेऊन बसणारा खेळाडू पहिला फासा टाकण्यापूर्वीच दहा गुणांनी मागे असतो.

आता टेबलावर काय घडते ते पाहू. प्रत्येक सैनिकाच्या माहितीपत्रकावर सहा आकडे असतात : चाल, चिवटपणा, सेव्ह (जखम चिलखतावर अडवण्याची शक्यता), जखमा (किती सोसल्यावर सैनिक पडतो), मनोधैर्य आणि ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (जागेवर ताबा ठेवण्याची क्षमता). मारा करणारा आधी नेम लागतो का यासाठी फासे टाकतो, मग शस्त्राची ताकद आणि लक्ष्याचा चिवटपणा यांची तुलना करून जखम होते का यासाठी टाकतो, आणि शेवटी समोरचा खेळाडू सेव्हचे फासे टाकतो. ताकद आणि चिवटपणा समान असतील तर जखमेसाठी ४ किंवा अधिक लागतात. ताकद जास्त असेल तर ३ पुरतात, दुप्पट असेल तर २. आणि उलट बाजूने ५ किंवा ६ लागतात. एवढे गणित डोक्यात बसले की कोणते सैन्य किती माफ करते हे स्वतःच मोजता येते.

आपल्या मित्राकडे बोल्ट रायफली घेतलेले पाच इंटरसेसर (स्पेस मरीन्सचे नेहमीचे पायदळ) असणारच, तेव्हा त्यांचेच उदाहरण घेऊ. पाच जणांचे दहा फासे, नेम ३ किंवा अधिकवर, म्हणजे सरासरी सहा-सात गोळ्या लागतात. शस्त्राची ताकद ४ आहे आणि ते समोरच्याचा सेव्ह एकाने बिघडवते. समोर नेक्रॉन वॉरियर असतील (चिवटपणा ४, सेव्ह ४+ म्हणजे ४ किंवा अधिक, एक जखम) तर त्यांतले सरासरी दोन पडतात. समोर ड्रुकारींचे कॅबलाइट वॉरियर असतील (चिवटपणा ३, सेव्ह तोच, जखमही एकच) तर तीन पडतात. आणि समोर कस्टोडियन गार्ड असतील (चिवटपणा ६, सेव्ह २+, तीन जखमा) तर सरासरीने एक जखमदेखील पुरती होत नाही. एक कस्टोडियन पाडायला अशा चार फैरी लागतात.

हा हिशेब पाहून कोणीही म्हणेल, की मग कस्टोडीजच घ्यावेत. सम्राटाचे हे सोनेरी अंगरक्षक हजार पॉइंटांमध्ये जेमतेम पंधरा ते पंचवीस बसतात, त्यामुळे जोडायला आणि रंगवायला कमी, एकूण खर्चही तुलनेने कमी, आणि सोनेरी स्प्रे मारून त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) दिला की निम्मे काम झाले. सल्ला देणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. मी थांबत नाही, कारण खेळ मारामारीवर जिंकला जात नाही, तो ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरच्या मोक्याच्या जागा, धरून ठेवण्यावर जिंकला जातो. टेबलावर साधारणपणे अशी पाच ठिकाणे असतात, आणि प्रत्येकाच्या तीन इंचांच्या परिघात ज्याच्या सैनिकांचा ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल अधिक भरतो त्याचा ताबा मानला जातो. एका कस्टोडियनचा हा आकडा २ आहे. एका नेक्रॉन वॉरियरचाही २ आहे. एका कस्टोडियनच्या पॉइंटांमध्ये साधारण चार वॉरियर येतात. म्हणजे लढण्यात जो चौघांना भारी आहे, तो जागा धरण्यात चौघांपुढे तोकडा पडतो.

दुसरी अडचण अशी, की कस्टोडीजला साध्या गोळ्या लागत नसल्या तरी लासकॅनन (रणगाडे फोडणारे जड शस्त्र) लागतो. त्याची ताकद १२, म्हणजे कस्टोडियनच्या चिवटपणाच्या बरोबर दुप्पट. सेव्हसाठी मग केवळ ४+ ची अभेद्य ढाल (कोणत्याही शस्त्राने न बिघडणारा सेव्ह) उरते, आणि ती चुकली की दोन ते सात जखमांचा फटका बसून बहुधा सैनिक गेला. चार जणांच्या पथकातून असा एक गेला तर पाव पथक गेले. हाच लासकॅनन वॉरियरांवर झाडला तर वीसांतला एक पडतो आणि शत्रूचे सर्वांत महागडे शस्त्र त्या फेरीपुरते वाया जाते. अनुभवी खेळाडू कस्टोडीजची प्रत्येक हालचाल आधी दोन फेऱ्यांचा विचार करून करतो, कारण त्याच्याकडे चुकीच्या जागी पाठवण्याइतके सैनिकच नसतात. नवख्याचे पथक मात्र हमखास चुकीच्या जागी जाते. थोडक्यात, हे सैन्य रंगवायला सोपे आणि खेळायला दिसते त्याहून कठीण आहे. इम्पीरियल नाइट्सना (अवाढव्य चालत्या युद्धयंत्रांच्या सैन्याला) हीच गोष्ट अधिक तीव्रतेने लागू पडते : समोरच्याकडे रणगाडे फोडणारी शस्त्रे असतील तर सामना लवकर संपतो, नसतील तर त्याहून लवकर संपतो, आणि दोन्ही वेळा पायदळ कसे वापरावे हे नवख्याला कळत नाही ते नाहीच.

ड्रुकारींविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते देखणे आहेत, वेगवान आहेत, आणि पहिल्या वर्षात घेऊ नयेत. त्यांचे सैनिक वाहनात असतानाच सुरक्षित असतात. केव्हा उतरायचे, कोणाच्या आड थांबायचे आणि समोरच्याची बंदूक कुठवर पोचते याचा अंदाज इंचाइंचाने चुकला की पथकच्या पथक जाते. शिवाय त्यांच्या चिलखतांना अणकुचीदार कडा इतक्या आहेत, की नवा हात एका सैनिकावरच संध्याकाळ घालवतो.

टिरॅनिड्सचा विचार मात्र गांभीर्याने करावा, विशेषतः आपल्याला त्यांचे रूप आवडत असेल तर. जैविक, खडबडीत पृष्ठभागांवर २०१९ साली आलेले सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग फार उत्तम बसतात : पांढरट प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या थरावर) एकच थर दिला की खाचांमध्ये सावली आणि उंचवट्यांवर उजळपणा आपोआप येतो. त्यांचे नियमही डोक्यावरून जाणारे नाहीत. सिनॅप्स (झुंडीला एकत्र बांधणारी मानसिक शक्ती) असलेल्या प्राण्यापासून सहा इंचांच्या आत राहिले की मनोधैर्याची चाचणी दोनऐवजी तीन फाशांवर घेता येते, आणि संपूर्ण सामन्यात एकदा शत्रूच्या प्रत्येक पथकाला अशी चाचणी द्यायला लावता येते. अडचण आहे ती संख्येची. टर्मागंटांची (लहान, स्वस्त प्राण्यांची) वीस-वीसची पथके घेतली तर जोडणे, रंगवणे आणि दर फेरीला एकेकाला उचलून पुढे ठेवणे यांत जीव मेटाकुटीला येतो. आणि ती टाळून केवळ मोठे राक्षस घेतले तर ऑब्जेक्टिव्ह धरायला कोणी उरत नाही. दोन्हींचा मेळ घालण्याइतका अनुभव आला, की हे सैन्य अतिशय आनंद देते. माझ्या मते ते आपले दुसरे सैन्य असावे.

राहिले स्पेस मरीन्स. सर्व जण त्यांचे नाव घेतात त्यामागे ठोस कारण आहे. चिवटपणा ४, सेव्ह ३+ आणि दोन जखमा हा इंटरसेसरचा आकडा म्हणजे या खेळाचे मोजमाप आहे. बाकी प्रत्येक सैन्य त्याच्याहून किती कमी वा जास्त आहे अशाच भाषेत समजते. त्यांचा मुख्य नियमही एका वाक्याचा आहे : आपल्या प्रत्येक कमांड टप्प्याच्या (आपल्या पाळीतील पहिल्या टप्प्याच्या) आरंभी शत्रूचे एक पथक निवडायचे आणि त्याच्यावर चुकलेले नेमाचे फासे पुन्हा टाकायचे. तरीही आपल्याला मी ते सुचवत नाही. पहिले कारण असे, की या सैन्यात मिळणाऱ्या पथकांची यादी इतर कोणाहीपेक्षा लांब आहे, आणि ब्लड एंजल्स, डार्क एंजल्स, स्पेस वुल्व्हज, ब्लॅक टेम्प्लर्स यांच्या पुरवण्या त्यावर वेगळ्या. नवखा माणूस काय घ्यावे यातच हरवतो आणि एकमेकांशी मेळ नसलेली खोकी घरात जमा होतात. दुसरे कारण रंगकामाचे. मोठी, गुळगुळीत, सपाट चिलखते प्रत्येक फराटा उघडा पाडतात. निळा त्यातल्या त्यात निभतो, परंतु पिवळे इम्पीरियल फिस्ट्स आणि पांढरे व्हाइट स्कार्स यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. तिसरे कारण आपल्यापुरते आहे : मित्राकडे तेच सैन्य आहे, आणि दोन सारख्या सैन्यांचे सामने लवकर एकसुरी होतात. त्याउलट वेगळे सैन्य घेतले, तर त्याच्या सैन्याची माहिती आपल्याला खेळता खेळता होतेच.

आता नेक्रॉन्स. साठ दशलक्ष वर्षांच्या निद्रेतून उठलेले हे धातूचे सांगाडे आहेत, आणि नवख्याच्या दृष्टीने त्यांचा धातू हीच सर्वांत मोठी सोय आहे. लेडबेल्चरचा (गडद धातूच्या रंगाचा) स्प्रे मारावा, तो वाळल्यावर न्यूल्न ऑइलचा काळा वॉश सर्वत्र फिरवावा, तोही पूर्ण वाळला की नेक्रॉन कंपाउंड हा चंदेरी रंग घेऊन जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर हलकेच घासावे, डोळ्यांवर आणि बंदुकीच्या नळीवर हिरव्याचा एक ठिपका द्यावा, आणि बेसवर (पायाखालच्या चकतीवर) ॲस्ट्रोग्रॅनाइट हा खडबडीत जमिनीसारखा दिसणारा रंग पसरावा. बस, एवढेच. यात कुठेही रेघ सरळ येण्याची गरज नाही; वॉश थोडा साचला तर तो गंज वाटतो. दहा वॉरियर एकत्र घेऊन बसले, तर आधी कधीही ब्रश न धरलेली व्यक्तीदेखील एका सुट्टीच्या दिवसात ते टेबलावर ठेवण्याजोगे करते. वॉरियर सगळे एकाच साच्याचे असल्याने काम कंटाळवाणे होते, हे मान्य आहे. तो कंटाळा मोडण्यासाठी मध्येच एखादा ओव्हरलॉर्ड (नेक्रॉन सरदार) किंवा तीन स्कॉर्पेख डिस्ट्रॉयर (हातघाईत तरबेज सैनिक) रंगवायला घ्यावेत.

टेबलावरचा त्यांचा मुख्य नियम म्हणजे पुनरुज्जीवन. आपल्या प्रत्येक कमांड टप्प्याच्या शेवटी प्रत्येक पथक एक ते तीन जखमा भरून काढते, आणि सैनिक पडलेले असतील तर ते उठून परत पथकात येतात. वरच्या हिशेबात इंटरसेसरांच्या एका फैरीने दोन वॉरियर पाडले होते. सरासरीने दोनच परत येतात. म्हणजे एखादे पथक चुकून उघड्यावर राहिले, आणि शत्रूने त्यावर अर्धामुर्धाच मारा केला, तर ती चूक पुढच्या फेरीपर्यंत पुसली जाते. नवख्याला अशी सवलत जेवढी मिळेल तेवढी हवी असते. मात्र संपूर्ण पथक नष्ट झाले तर कोणीही उठत नाही, आणि हे समोरच्याला लवकरच उमगते. मग तो मारा विखुरण्याऐवजी एकाच पथकावर एकवटू लागतो, आणि आपल्याला आडोसा, अंतर आणि लक्ष्यांची विभागणी यांचा विचार करावा लागतो. या खेळाचे खरे शिक्षण तिथून सुरू होते.

डिटॅचमेंट (सैन्याला जादा नियम आणि डावपेच देणारा पर्याय) निवडताना सुरुवातीला अवेकन्ड डायनॅस्टी घ्यावी. तिचा नियम असा, की ज्या पथकाचे नेतृत्व एखादा सरदार करत आहे त्याच्या नेमाच्या फाशांमध्ये एक मिळवायचा. म्हणजे ४+ वर नेम असणारे वॉरियर ओव्हरलॉर्डसोबत ३+ वर नेम धरतात. लक्षात ठेवायला यापेक्षा सोपे काही नाही, आणि सरदाराला पथकात सामील करण्याची सवय लागते, जी पुढे कोणत्याही सैन्यात उपयोगी पडते. डिटॅचमेंटसोबत सहा खास डावपेच मिळतात. ते सगळे पहिल्या सामन्यात वापरू पाहू नयेत. दोन निवडावेत, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावेत, आणि बाकीचे त्या दिवशी नाहीतच असे समजावे.

नेक्रॉन्सचे दोषही सांगायला हवेत. वॉरियरांची चाल पाच इंच, इंटरसेसरांची सहा. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो, पण पाच फेऱ्यांच्या सामन्यात दूरचे ऑब्जेक्टिव्ह एक फेरी उशिरा हाती येते. हातघाईत वॉरियर दुबळे आहेत, त्यामुळे समोरून जोरदार चार्ज करणारे सैन्य आले तर त्यांच्या पुढे स्कॉर्पेख किंवा कॅनॉप्टेक रेथ यांसारखे काहीतरी उभे असलेले बरे. चलाखीने फसवून जिंकण्याची आवड असणाऱ्याला हे सैन्य मंद वाटेल. तसे वाटत असेल आणि तरीही रंगकाम सोपे हवे असेल, तर ऑर्क्सकडे पाहावे; त्यांच्या रंगकामातला गबाळेपणा शोभूनच दिसतो. फक्त डोकी मोजून घ्यावीत, ती फार असतात. मंदपणा चालत असेल पण धातूचे सांगाडे रुचत नसतील, तर डेथ गार्ड हा उत्तम पर्याय आहे : प्लेग मरीनचा चिवटपणा ५ आहे आणि डोकी कमी आहेत, आणि गंज, पू, चिखल यांखाली ब्रशाची कोणतीही चूक झाकली जाते.

कोणते सैन्य सध्या जास्त जिंकते आहे हे पाहून निवड करू नये, असा माझा आग्रह आहे. गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी १९८७ पासून हा खेळ काढते आहे, आणि आठवी, नववी व दहावी आवृत्ती अनुक्रमे २०१७, २०२० आणि २०२३ साली आली. दोन आवृत्त्यांच्या मधेही पॉइंट वारंवार बदलतात. आज सर्वांना लोळवणारे सैन्य आपले रंगवून होईपर्यंत मधल्या फळीत आलेले असते. रूप आणि स्वभाव पाहून घेतलेले सैन्य असल्या बदलांतही कपाटात पडून राहत नाही. जुनी, वापरलेली मिनिएचर स्वस्तात मिळत असतील तर एवढे मात्र तपासावे, की ती पथके चालू नियमांत आहेत की नाहीत. २०२३ मध्ये स्पेस मरीन्सची अनेक जुनी पथके मुख्य यादीतून निवृत्त पथकांच्या यादीत गेली, आणि तेव्हापासून ती बाजारात मोहात पाडणाऱ्या भावात दिसतात.

खरेदीआधी एक गोष्ट अवश्य करावी. मूळ नियम आणि पॉइंटांची यादी कंपनी विनामूल्य देते. जाड पुठ्ठ्याच्या ३२ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कापाव्यात (वॉरियर आणि इंटरसेसर दोघांचेही बेस याच मापाचे असतात), त्यांवर नावे लिहावीत, आणि मित्रासोबत दोन-तीन छोटे सामने खेळावेत. अशा छोट्या सामन्याला ४४ बाय ३० इंचांची जागा पुरते, म्हणजे घरातले जेवणाचे टेबल चालते. दोन हजार पॉइंटांच्या सामन्यासाठी ४४ बाय ६० इंच लागतात. पुठ्ठ्याच्या नेक्रॉन्सशी खेळूनही मन टिरॅनिड्सकडेच ओढ घेत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून खुशाल तिकडे जावे.

मन नेक्रॉन्सवर स्थिरावले, तर पहिली खरेदी काँबॅट पेट्रोलच्या (एका सैन्याची छोटी तयार तुकडी असलेल्या) एकाच खोक्याची करावी. त्यातील पथके सुटी घेण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते, आणि त्या खोक्यापुरते ठरावीक, हलके नियम असल्याने पॉइंटांचा हिशेब न करता थेट खेळता येते. त्याच्या जोडीला स्प्रू (सुटे भाग ज्यात येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायची कात्री, बारीक सुरी, प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद, वर सांगितलेले रंग आणि दोन ब्रश एवढे पुरे. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात स्प्रे मारू नये. दमट हवेत रंग नीट बसत नाही आणि पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो. त्या महिन्यांत ब्रशाने लावायचा प्रायमर घ्यावा आणि त्यावर लेडबेल्चरही बाटलीतलाच पातळ करून दोन थरांत द्यावा. खोक्यातला शेवटचा सैनिक रंगून झाल्याशिवाय दुसरे खोके घेऊ नये. ते घ्याल तेव्हा आणखी दहा वॉरियर घेऊन पथक वीसांचे करावे, मग इमॉर्टल्स, आणि त्यानंतर डूम्सडे आर्क (जड तोफेचे वाहन), कारण मित्राने तोवर एखादा रणगाडा आणलेला असेल आणि वॉरियरांच्या बंदुकींना तो सहजी बधत नाही.